नसलेल्या भावाची गिटार

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. "जेवलीस का, वेळेवर झोपतेस का" एवढं झालं की तुझ्या बाजूला कुणीतरी हाक मारतं, नाहीतर मशीन थांबतं, आणि "बरं, ठेवते" म्हणून तू मोकळी होतेस. पत्राला तसं तोडता येत नाही. फार तर तू घडी घालून बाजूला ठेवशील. घड्या घालण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, पण हे पूर्ण वाचल्याशिवाय घालू नकोस, एवढंच मागणं आहे.

इकडे सगळं ठीक आहे. खोलीच्या खिडकीची कडी घरमालकांनी अजून बसवलेली नाही, मी तिला तुझ्या पद्धतीने सुतळी बांधलीय. काम भरपूर आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांना पुन्हा वर्गात आणायचं, म्हणजे घरोघरी जाऊन तेच तेच बोलायचं, आणि तुला माहीतच आहे, बोलायला मला आवडतं. मागच्या आठवड्यात एका बाईंकडे गेले होते. चाळिशी उलटलेली, हुशार. म्हणाल्या, "या वयात पोरींच्या शेजारी बाकावर बसायची लाज वाटते हो." मी नेहमीसारखी सुरू झाले, "लाज कसली त्यात?" आणि पुढचं वाक्य आलंच नाही. त्या बिचाऱ्या वाट बघत बसल्या. शेवटी मी पाणी मागितलं.

तेव्हापासून मला सारखा माझा पदवीचा दिवस आठवतोय. तो काळा झगा माझ्यासाठी शिवलेलाच नव्हता, पायात येत होता, आणि मी रडकुंडीला आले होते. तू सभागृहाच्या दारातच गुडघ्यांवर बसलीस, तोंडात टाचण्या धरून त्याची कड वर घ्यायला लागलीस. माणसं तुला वळसा घालून आत जात होती. एका प्राध्यापकांनी "काय झालं?" विचारलं, तर टाचण्या काढून तू त्यांना सांगितलंस, "माझी मुलगी आहे, पदवी मिळतेय, आमच्या घरातली पहिली. फक्त उंची आमच्याकडची आहे." ते हसले, तू हसलीस, मी मात्र इकडेतिकडे बघत होते की हे कुणी ऐकलं. तुझं लक्ष नव्हतं. टाचण्यांकडे होतं.

आणि मग ती काळी गिटार. हॉस्पिटलच्या करमणुकीच्या हॉलमध्ये कुणा बदली झालेल्या डॉक्टरांनी सोडलेली. पहिल्यांदा तू मला दाखवलीस तेव्हा ती तुझ्या गळ्यात नव्हतीच, तूच तिच्या गळ्यात होतीस. पट्टा शेवटच्या भोकावर आणूनही ती मांडीपर्यंत लोंबायची. दांडीच्या टोकाकडच्या पट्ट्या दाबायच्या तर तुला सगळं अंग डावीकडे झुकवावं लागायचं. वाजवून झालं की खांदा चोळत म्हणायचीस, "इस्त्रीने उजवा गेला, हिने डावा. आता दोन्हीकडे सारखं." तरी रोज लॉन्ड्री सुटली की तू हॉलमध्ये. स्वयंपाकघरातल्या कुकरमावशी ड्रमवर, सिस्टर गायला, आणि तू. वर्ष झालं याला. मी एकदाही पूर्ण तालीम ऐकलेली नाही. दरवेळी माझी बस असायची.

पण तुला एक सांगायचं राहिलंय. मी वर्गात तुझी गोष्ट सांगते. "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतात, आणि या वयात इलेक्ट्रिक गिटार शिकल्या." बायका टाळ्या वाजवतात. एकदा एकीने विचारलं, "तुमच्या कोण लागतात त्या?" मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत." गोष्टीतली तू मला हवी होतीस, आई. टाळ्याही हव्या होत्या.

त्या शनिवारी तुझ्या मापाची गिटार घ्यायला तू इकडे आलीस ते किती आनंदात. एरवी डबा असतो त्या पिशवीत घरातली मोजपट्टी घेऊन आली होतीस. "बोटापासून कोपरापर्यंत मोजून घेतील ना ते?" असं बसमधून उतरल्या उतरल्या विचारलंस. दुकान माझ्या ऑफिसच्या खालीच. आत शिरलो तर काउंटरवर तीन छोट्या गिटारी आधीच मांडलेल्या. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आपण येणार हे याला स्वप्नात दिसलं वाटतं." तेवढ्यात तो केसांचा बुचडा बांधलेला दुकानदार म्हणाला, "लहान मुलासाठी ना?" तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर हसू तयार होतं. मी "अहो नाही, हिच्यासाठी" म्हणेन आणि आपण तिघंही हसू, असं ते हसू होतं. मी म्हणाले, "हो. धाकट्या भावासाठी."

मला भाऊ नाही, हे जगात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल तर तुला. तू हसू आवरलंस, आणि मग जे केलंस ते मला विसरता येत नाही. त्याने वय विचारलं, मी अकरा सांगितलं. त्याने हाताची ठेवण विचारली, मी फरशीकडे बघायला लागले. तर तू पुढे झालीस. "उंचीला कमी आहे हो तो, पण बोटं जाड आहेत." मग म्हणालीस, "वजनाला हलकी बघा. डावा खांदा दुखतो त्याचा." तो चकित झाला. "अकरा वर्षांच्या पोराचा खांदा दुखतो?" तू म्हणालीस, "कामाचा आहे फार. ऐकतच नाही." तो म्हणाला, "त्याला घेऊन यायचं ना. गळ्यात घालून बघितल्याशिवाय कसं कळणार?" आणि तू, फरशीकडे बघत असलेल्या माझ्याकडे एकदा बघून म्हणालीस, "लाजतो तो."

भिंतीवर ती वीटकरी रंगाची गिटार होती. आठवते ना? तो छोट्यांपैकी निळीचं बिल करत होता तेव्हा तू तिच्याजवळ गेलीस. इस्त्री तापली का ते बघताना बोट नुसतं टेकवून काढतेस, तसं तू तिच्या कडेला टेकवलंस. तो तिथूनच म्हणाला, "ती मोठ्यांची आहे काकू." तू हात मागे घेतलास आणि पिशवीच्या बंदाला धरून उभी राहिलीस. मी तेव्हाही बोलू शकले असते.

पोराटोरांची ती निळी गिटार मांडीवर घेऊन बसमध्ये तू म्हणालीस, "मला मुलगा झाला आणि मलाच कुणी कळवलं नाही." आपण दोघी इतक्या हसलो की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. हसलो म्हणजे मिटलं, असं मी धरून चालले. मला तेच सोयीचं होतं. नंतर फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "छान आहे, वाजते." मी पुढे काही विचारलं नाही.

परवा कुकरमावशींचा फोन आला. तू सांगितलं नसशीलच, म्हणून तुला सांगते. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला काय झालंय गं? ते निळं खेळणं घेऊन दोनदा आली. तिने बोट एका तारेवर ठेवलं की शेजारची पण दबते. तारा ढिल्या, सूर घसरतात. आणि ही म्हणते, माझंच वय झालं, हात वळत नाही. आता येतच नाही. सिस्टर एकटी गाते, मी एकटी बडवते, लोक म्हणतात भांडी पडली का." महिन्याच्या शेवटी हॉस्पिटलचा कार्यक्रम आहे आणि तू नाव मागे घ्यायचं म्हणतेयस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्या पुढे म्हणाल्या, "मी नुसतं म्हटलं, एवढी शिकलेली पोर, आणि तिने हे घेऊन दिलं? तर माझ्यावरच उखडली. म्हणे, दुकानदाराचा गैरसमज झाला, माझी पोर भिडस्त आहे, चारचौघांत त्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही."

काल ऑफिस सुटल्यावर मी दुकानात गेले. म्हणाले, "मला भाऊ नाही. त्या दिवशी बरोबर होती ती माझी आई. गिटार तिला वाजवायचीय." त्याने हातातलं बिलबुक मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे खांदा त्यांचा दुखतो." मी हो म्हणाले. "आणि बोटं जाड आहेत ती पण त्यांचीच." मी हो म्हणाले. त्याने भिंतीवरून ती वीटकरी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. तुझे ब्लाउज मला होतात, माझ्या चपला तुला, त्यामुळे मी उभी राहिले तर जवळजवळ तूच उभी. आई, अंग झुकवावं लागत नाही. दांडी आखूड आहे, पण तिच्यावर तारांमध्ये मोठ्या माणसाच्या बोटाला पुरेल एवढी जागा आहे. लाकूड पातळ आहे, उजवा कोपर उचलून धरावा लागत नाही. मागून खोलगट कापलीय, बरगडीला टोचत नाही. खांद्यावर तर आहे की नाही असं वाटतं. तो म्हणाला, "मोठ्यांचीच आहे ही, पण बुटक्या मोठ्यांची. त्यांना मी लहान मुलाची दिली. शरीर लहान असलं म्हणून हात लहान मुलाचा नसतो."

समोर आरसा होता. त्यात गिटार घातलेली तू दिसलीस, फक्त उभं राहायला घाबरलेली. तेवढ्यात आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण आत आली. म्हणाली, "अरे वा, तू कधीपासून?" मी म्हणाले, "मी नाही, माझी आई वाजवते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे ती." म्हणताना कान तापले माझे, ते लपवत नाही. ती म्हणाली, "भारीच की," आणि तारांची पाकिटं बघायला निघून गेली. एवढंच झालं. एवढ्याचीच मला भीती होती. मी ती वीटकरी घ्यायला निघाले तर तो देईना. म्हणाला, "तुमचा हात मऊ आहे, त्यावरून त्यांचं कळणार नाही. त्यांना आणा. निळी परत आणा, बदलून देतो."

आता जे सांगायला लिहायला बसले ते. दुकानदाराचा गैरसमज झाला नव्हता, आई. आदल्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्याला फोन केला होता. धाकट्या भावासाठी गिटार बघायला उद्या येते, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्या तीन गिटारी त्याला स्वप्न पडलं म्हणून मांडलेल्या नव्हत्या. जिन्यात चारचौघं नव्हती, मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी भिडस्त नव्हते, मला तुझी लाज वाटली होती. तुझी पिशवी, तुझी उंची, तू त्या दुकानात मोठ्याने काय विचारशील, या सगळ्याची. तुझा हात वळत नाही हे खोटं आहे, माझ्यामुळे तुझ्या हातात भलतीच गिटार आली. म्हणून कुकरमावशींशी माझ्यासाठी भांडलीस ते भांडण मागे घे, आणि नाव मागे घेऊ नकोस. शनिवारी पहिल्या बसने ये, निळी घेऊन ये, मोजपट्टीही आण. दुकानदाराला आता सगळं ठाऊक आहे, पण "ही माझी आई, गिटार हिच्यासाठी" हे मी तुझ्या शेजारी उभी राहून अजून म्हटलेलं नाही. तेवढं मला म्हणू दे. तू आली नाहीस तरी मी स्टॉपवर असेन.

तुझीच,
एकुलती एक