मल्लेकट्ट्याची अपरिचित प्रेक्षणीय स्थळे

२ जुलै १९६१, रविवार
बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या घरून शेवटच्या बसने मल्लेकट्ट्याला परत. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी. तिने माझ्या धुतलेल्या पँटवर आपले मत नोंदवले. इथे कॉलेज निघून दोन वर्षे झाली, पण कॉलेज म्हणजे काय ते गावाला अजून कळलेले नाही. व्हरांड्यात शेळ्या बांधतात. उतरल्याबरोबर तो वास. घरोघर रेशमाचे कोश उकळतात आणि आतले मेलेले किडे दाराबाहेर ओततात. रेशमी साड्या मागणाऱ्या बायकांना एकदा इथे आणून उभे केले पाहिजे.

निघताना कौशल्या म्हणाली, आपली बेबी शेजाऱ्यांना सांगत असते की आमचे अण्णा फक्त रविवारी असतात. पुढच्या महिन्यात अप्पासाहेब इन्स्पेक्शनला येतील, बदल्या त्यांच्याच हातात आहेत, तर त्यांना सरळ सांगा की मला शहरातल्या कॉलेजात घ्या. बायकांना सगळे सरळच दिसते. आमचे घराणे शहाजीराजांबरोबर बेंगळूरला आले. आम्ही मागत नसतो. आम्हाला बोलावले जाते.

५ जुलै
प्लॅन सुचला. साहेबांना या भागातली अपरिचित प्रेक्षणीय स्थळे दाखवायची. नंदीच्या डोंगरावर काय, सगळे जग जाते. इतिहासाचा एवढा व्यासंगी माणूस या उकिरड्यावर सडतो आहे हे न सांगता त्यांच्या लक्षात येईल. मग बदली काय, हात धरून नेतील. उद्या पहाटेपासून शोधमोहीम.

६ जुलै
उठलो नाही. पहाटे सगळा गाव लोटे घेऊन तळ्याकाठी बसलेला असतो. मोहीम रविवारी.

९ जुलै, रविवार
घरी गेलो नाही. ध्येयापुढे एखादा रविवार म्हणजे काय.

तळे पाहिले. सोबत कॉलेजचा शिपाई कल्लाप्पा. निपाणीकडचा, मराठी बोलतो, नको तितके बोलतो. पाण्यावर हिरवी जाड साय, सायीत म्हशी, म्हशींवर कावळे. काठावर पाय घसरून गुडघ्यापर्यंत आत गेलो. बाहेर काढताना कल्लाप्पा म्हणाला, सायेब, इथं आमी गुरं बी स्वल्प बघूनच सोडताव. चप्पल एकच निघाली. टिपण केले: ‘मावळतीला जलाशयास पाचूची झळाळी येते.’ शिसारी आली ती वेगळी.

१६ जुलै, रविवार
आजही घरी नाही. टेकडीवरची गुहा. आत वटवाघळे, खाली त्यांनी शंभर वर्षांत केलेले सगळे. रुमाल नाकाला लावून आत डोकावलो, रुमाल तिथेच टाकून आलो. इथे ऋषी तप करीत असे सांगायला हरकत नाही. एवढ्या घाणीत दुसरे कोण बसणार?

कौशल्येचा निरोप: बेबीला ताप येऊन गेला, तुमची वाट बघत होती. वाईट वाटले. पण मी हे सगळे त्यांच्यासाठीच करतो आहे. पुढच्या रविवारी नक्की जायचे.

२३ जुलै, रविवार
गेलो नाही, आणि बरे झाले. कमान सापडली!

तळ्यापलीकडच्या वाटेवर दोन उभे दगड आणि वर एक आडवा दगड. आजूबाजूला काही नाही. म्हणजे किल्ला पडला, दरवाजा उरला. उंची माझ्या कपाळाएवढी. स्वार घोड्यावरून उतरून, मान लववून आत जात असणार. तेव्हाची माणसे नम्र होती. आमचे मूळपुरुष खंडोजी इकडेच कुठे लढाईत पडले असे आत्या सांगायची. कुठे ते तिला नीट आठवत नसे. हेच ते.

मी गहिवरून उभा असताना एक म्हातारी आली. डोक्यावरचा गवताचा भारा तिने सरळ कमानीवर सरकवला, घाम पुसला, खंडोजींच्या उंबरठ्यावर तंबाखूची पिंक टाकली, भाऱ्याखाली डोके घालून तो परत उचलला आणि चालती झाली. कल्लाप्पा म्हणाला, सगळीच टेकवत्यात की सायेब, त्यासाठनंच तर. मी त्याला गप्प केले. इतिहासावर गवत ठेवणारे लोक. किळस येते.

३० जुलै, रविवार
भाषण पाठ केले. खंडोजींच्या रक्ताशी आलो की माझेच डोळे भरून येतात. घरी जायचे राहिले.

१२ ऑगस्ट, शनिवार
दिग्विजय.

साहेबांना तळे लांबूनच दाखवले. गुहा टाळली, वारा तिकडून होता. कमानीपाशी बोललो. या मातीत माझ्या पूर्वजांचे रक्त सांडले आहे, ही माती मला आईसारखी आहे, वगैरे. आवाज मध्येच फुटला, तो अगदी योग्य ठिकाणी फुटला. साहेब दगडावर हात फिरवत राहिले. म्हणाले, आमच्या खानापूरकडं असले दगड वाटेवाटेला असत की हो. मी सांगितले, खंडोजी तिकडेही लढले होते. साहेब मनापासून हसले. निघताना म्हणाले, तुमचं काय करायचं ते माझ्या ध्यानात आलं बघा.

ट्रंक आवरून ठेवली.

१९ ऑगस्ट, शनिवार
प्रिन्सिपॉलनी बोलावून अभिनंदन केले. मग सांगितले ते असे. शहरातली जागा माझीच होती. कौशल्येने शुक्रवारच्या भजनात साहेबांच्या पत्नी कमलाबाईंपाशी शब्द टाकला होता, आणि साहेब इथे आले ते मला न्यायचे ठरवूनच. पण कमानीपाशी त्यांचे मन बदलले. ज्या मातीत पूर्वजांचे रक्त सांडले तिथून माणूस उपटणे त्यांना पाप वाटले. जागा नंदकिशोरला मिळाली, आमच्या खात्यातल्या ज्युनिअरला. तो त्या दिवशी जेवताना साहेबांना एवढेच म्हणाला होता की सर, इथल्या वासाने मला झोप येत नाही.

आणखी एक. दर रविवारी शहरातून पाहुण्यांची बस येईल. स्थळे दाखवायला कायमचा मी. साहेबांची खास इच्छा.

माझ्या जन्मात मला एवढी किळस कशाची आली नव्हती, आणि ती या गावाची नाही.

२० ऑगस्ट, रविवार. राजाजीनगर
शेवटचा मोकळा रविवार. कौशल्येला सगळे सांगितले. वाटले होते, आदळआपट करील. तिने ताटात तांदळाची दुसरी अक्की रोट्टी वाढली आणि विचारले, मला तिथं राहवत नाही, मला घरची माणसं हवी आहेत, हे तुम्ही एकदा तरी कुणाला म्हणालात का? मी खंडोजींचे नाव काढले. ती म्हणाली, खंडोजी गेले हो, तुम्ही आहात.

मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग तिने विचारले, ती पाहुण्यांची बस कुठून सुटते. पुढच्या रविवारी ती बेबीला घेऊन त्याच बसने येणार. घोळक्यात मागे उभ्या राहतील. बेबीला तेवढेच दोन तास अण्णांचे बोलणे ऐकायला मिळेल. मी म्हणालो, वास फार येतो. ती म्हणाली, पदर लावू नाकाला.

मी म्हणालो, सरी, या तर.