देवदार की चंदन

सूनबाई, चहा घेऊन बस आणि हे वाच, कालची गंमत सांगते. मी कीर्तनाला निघालेय, आणि तुला अकराच्या आत दोनांतलं एकच अत्तर दुकानदाराला द्यायचंय, म्हणून लिहून ठेवते.

तू म्हणालीस, "सासूबाई, कागदावर हुंगून सांगा." मला मेलीला कागदावर काही कळेना. म्हणून काल कीर्तनाला जाताना डाव्या बाहीला देवदार-लवंग लावलं, उजव्या बाहीला चंदन-मिरी. पहिल्याच पदाला डावीकडची बाई "वा!" म्हणाली, पण कथा रंगात येईपर्यंत तो वास पार उडाला. उजवीकडची शिंपीणबाई मात्र उठताना म्हणाली, "अहो, तुमच्याशेजारून हलवत नाही. कुठे मिळतं हे?"

"मिळत नाही, आमची सून करते!" असं म्हणताना माझी छाती फुगली बघ.

तर चंदन-मिरीच दे. मागचा नमुना दुकानातून परत आला म्हणून हात आखडता घेऊ नकोस. नाक देवाने दिलं, पण लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या तुझ्या आईने ते घडवलं. डोळे मिटून लाकूड ओळखायला तिनेच शिकवलं ना? दुकानदाराने विचारलं, कुणाकडून शिकलात, तर माझं नाव सांगू नकोस. त्या माउलीची आठवण ठेव.