गव्हाणचा शिधा बेलपाड्याच्या हळदीला

नवीन पनवेल,
मे महिन्यातला रविवार, दुपार

ती. वन्सं यांस,

रमाचा वाकून नमस्कार. तुमचे बंधू समोर बसून कलिंगड खात आहेत, त्यांचाही नमस्कार (त्यांनी मान हलवली, ती नमस्काराचीच समजावी). तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल रोज चोळता ना, की बाटली फडताळात ठेवून नुसती वाट बघता? भावोजींचा खोकला गेला असेल. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. उकाडा मात्र असा आहे की भिंतीला पाठ टेकवली तर भिंतच आपल्याला टेकल्यासारखी वाटते.

पत्राला कारण असं, की माणगावला तुमच्या कानावर एव्हाना काहीतरी आलंच असेल. तुमच्या गावातल्या सोनाबाईंची धाकटी सून बेलपाड्याची, आणि ती परवा माहेरी हळदीला आली होती हे मला नंतर कळलं. तर तिने जे पाहिलं ते खरं आहे. ज्यांना अंडंही चालत नाही ते तुमचे बंधू भर दुपारी मटणाचा टोप मांडीत घेऊन टेम्पोत बसले होते. पण त्यामागची हकीकत तिला ठाऊक नाही, आणि ती अर्धीच तुमच्यापर्यंत पोचावी हे मला बरं वाटेना. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही माझं ऐकता कुठे (रागावू नका, तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून म्हणते).

गव्हाणच्या एका शाळेत मी आठवड्यातून दोनदा पोरांना गोष्टी वाचून दाखवायला जाते, हे तुम्हाला मागे सांगितलं होतंच. तिथल्या मुख्याध्यापिका कीर्तीबाई. सुट्टी लागायच्या आधी एकदा त्या सहज बोलून गेल्या, की गेल्या मे महिन्यात शाळेच्या कामासाठी त्या दुपारी आल्या, तर फाटकाशी दुसरीतली एक पोर ताटली घेऊन उभी. शाळा बंद म्हणजे शाळेतली खिचडीही बंद, हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. ती गंगाबाईंची नात. गंगाबाई मासळी विकतात, पण खाडीत आता मासळी कितीशी राहिली आहे? मुलगा मिळेल त्या कामाला जातो, सून घरकामं करते, आणि पोरं दुपारी शाळेत जेवतात या हिशेबावरच त्या घराची चूल चालते. अशी घरं तिथे बरीच. मी हे घरी येऊन सांगितलं. तुमचे बंधू म्हणाले, "सुट्टीभर शिधा द्यायचा. आपल्या सोसायटीने द्यायचा." वन्सं, त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. पुढचे दोन आठवडे तो तसाच टिकवून धरताना मला फार कष्ट पडले.

कारण सोसायटीने मदत करायची म्हणजे आधी सोसायटीची बैठक. फलकावर आवाहन लागलं आणि लोकांनी मनापासून स्वयंपाकघरं रिकामी केली. कुणी साखर नसलेली बिस्किटं आणली, कुणी परदेशी गवताचं बी, कुणी दिवाळीतल्या भेटीचा डबा रिबिनीसकट. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वानंदने स्नायू वाढवायची भुकटी दिली (ती त्याच्या कामी आली नव्हती हे दिसतच होतं). शेवटी मीच म्हटलं, की ज्यांना द्यायचं त्यांना विचारूया का? गंगाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तांदूल द्या, डाल द्या, त्याल द्या. आनि जमला तर थोडी सुकट. कालवनाचा आमी बघू." तांदूळ, डाळ, तेल, गूळ ठरलं. सुकटीचं नाव निघताच तुमचे बंधू उभे राहिले. सोसायटीच्या पैशातून मासळी देता येणार नाही, उद्या कुणी बोट दाखवलं तर अध्यक्ष म्हणून उत्तर मला द्यावं लागेल, असं त्यांनी सुनावलं. सुकट कटाप झाली.

मग तांदळाची पोती सोसायटीच्या हॉलमध्ये फोडून घराघराच्या पिशव्या भरायचा बेत निघाला. दुकानदार म्हणाला तशीच पोती द्या, तिथे वाटून घेतील. पण यांना ते पटेना. प्रत्येक पिशवी त्यांनी स्वतः बांधली आणि प्रत्येकीत एक छापील कागद घातला. 'सुट्टीतील आहार : पालकांसाठी चार शब्द'. त्यात घास किती वेळा चावावा इथपासून पाणी बसूनच का प्यावं इथपर्यंत सगळं होतं. (चार शब्द म्हणतात, पण कागद पाठपोट होता.) भरलेल्या पिशव्या पुन्हा दुकानात नेल्या, कारण डाळ-तेल तिथूनच चढायचं होतं आणि टेम्पोही दुकानदारच देणार होता.

वाटपाच्या दिवशी सकाळी दुकानासमोर दोन टेम्पो उभे होते. पुढचा कुंदनचा, मागचा त्याच्या मेव्हण्याचा, जीवनचा. आमचा माल मागच्यात. तुमच्या बंधूंनी मला हाताला धरून पुढच्या टेम्पोत बसवलं, स्वतः दाराशी बसले, फलकाची गुंडाळी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "चल, गव्हाण." कुंदन म्हणाला, "काका, माझं भाडं बेलपाड्याचं हाय." यावर यांनी त्याला मी अध्यक्ष आहे, बदल मला कळवल्याशिवाय होत नसतो, असं सांगितलं. कुंदन बिचारा नवा. त्याला वाटलं, अध्यक्ष म्हणजे दुकानाचेच कुणीतरी असतील. त्याने टेम्पो काढला. मागून चहा पिऊन जीवन आला, तर त्याला दुकानातल्या पोरीने सांगितलं की गव्हाणचा गेला, राहिलेला बेलपाड्याचा. तोही निघाला.

शाळेच्या ओसरीत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणी कामावर खाडा करून आलेली, कुणी तान्ह्याला घेऊन. पोरंही होतीच. तुमच्या बंधूंनी फलक लावून घेतला आणि संतुलित आहारावर बोलायला सुरुवात केली. भाषण प्रथिनांपर्यंत आलं तेव्हा कुंदनने ताडपत्री सोडली. आत बासमतीची पोती, तुपाचे डबे, काजू, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आल्या-लसणाच्या गोणी, पत्रावळींचे गठ्ठे, आणि सगळ्यांच्या वर हळदीची परात. मग गंगाबाई माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "वैनी, लगीन कोनाचा हाय?"

हसू येण्यासारखंच होतं, पण कुणी हसलं नाही. त्या बायांच्या चेहऱ्यांवर चीडही नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. असं होतंच, हे जणू त्यांना आधीपासून माहीत होतं. दोघी तर पदर खोचून निघायलाही लागल्या. जीवनला फोन लावला, तो उचलेना. मीच म्हटलं, आम्ही बेलपाड्याला जातो आणि माल घेऊन येतो, तुम्ही थांबा. तर गंगाबाई उठल्या आणि मागे चढून तुपाच्या डब्यावर बसल्या. "मी येतंय. तुमी मंग परत याल कशावरून?" कीर्तीबाईंनी पोरांना गोलात बसवून गाणी घेतली, आणि आम्ही निघालो.

बेलपाड्यात मांडव मोठा, वाजंत्री जोरात. जीवन फोन का उचलत नव्हता ते कळलं. मांडवामागे आचारी आमच्या पिशव्या एकेक करून फोडत बसले होते आणि ज्याने तांदूळ असा चिमटी-चिमटीने बांधला त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते. दोन म्हातारे खाटेवर बसलेले, आणि एक जण त्यांना 'पालकांसाठी चार शब्द' मोठ्याने वाचून दाखवत होता. घास चावायचा भाग चालू होता, आणि तोंडात दात नसलेले म्हातारे अगदी लक्ष देऊन ऐकत होते. तुमचे बंधू माझ्या मागे उभे राहिले. मी उंच नाही, पण ते बऱ्यापैकी मावले. तांदूळ अर्धाअधिक शिजून झाला होता.

नवरीचे वडील बुधाजी पुढे आले. मोठा माणूस, अंगावर हळद, घाईत. यांनी कसाबसा सगळा घोटाळा सांगितला, आणि चूक माझीच आहे, तुमच्या माणसांची नाही, हेही सांगितलं. (वन्सं, हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.) बुधाजी टोपांकडे बघत राहिले. तेवढ्यात गंगाबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "दादा, तो तांदूल आमचे पोरांचा हाय. शिजला तर शिजला. पन पोरांना आता काय घालू, ता तू सांग."

बुधाजींनी वाजंत्री थांबवायची खूण केली. मग आचाऱ्याला म्हणाले, "झाकन ठेव. हा भात आपल्या पानात नाय वाढायचा." नवरीची आई, चंद्रावती, तीही बाहेर आली आणि तिने ऐकून घेतलं. ठरलं ते असं : शिजलेला भात ज्यांचा त्यांच्याकडे जाईल, डाळ, तेल, गूळ आणि न फोडलेल्या पिशव्या परत जातील, आणि फोडलेल्यांच्या बदल्यात बासमती जाईल. तुमचे बंधू म्हणाले, बासमती नको, काहींना साधा आणि काहींना बासमती हे समन्यायी होणार नाही. बुधाजी म्हणाले, "काका, तुमी बसा आता." आणि चंद्रावती म्हणाली, नुसता भात कसा पाठवायचा? तिने मटणाचा एक टोप टेम्पोत चढवायला लावला. टोप डुगडुगत होता, कुणीतरी धरायला हवा होता. पुढचं सोनाबाईंच्या सुनेने पाहिलंच आहे.

आम्ही गव्हाणात वळलो तेव्हा मला खात्री नव्हती की तिथे कुणी उरलं असेल. पण ओसरी भरलेली होती. निघालेल्या दोघीसुद्धा परत येऊन बसल्या होत्या. गंगाबाई टेम्पोतूनच ओरडल्या, "आलो गो." वन्सं, छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तुमच्या बंधूंच्या खिशात भाषणाचा उरलेला भाग होता, तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि भात वाढायला लागले. गंगाबाईंची नात ताटली घेऊन पुढे आली. तिला भात वाढला, तर ती तशीच उभी. "काय गं?" यांनी विचारलं. ती म्हणाली, "रस्सा." यांनी दुसरीकडे न बघता, हात न आखडता, पळीभर रस्सा वाढला, आणि त्यात एक तुकडाही होता. पिशव्या घरोघर गेल्या. बासमती कुणाला आला आणि साधा कुणाला, यावरून एकही भांडण झालं नाही.

तर आता सगळं ठीक आहे, काळजीचं कारण नाही. आंबे उतरले की चार फोडी आमच्या नावाने खा, आणि भावोजींना दुपारचं उन्हात फिरू देऊ नका.

तुमची,
रमा

ता. क. — सगळं ठीक आहे असं लिहिलं खरं, पण शिधा मे अखेरपर्यंतच पुरेल, आणि शाळा उघडते जूनच्या मध्याला. हे कीर्तीबाईंनी वाटपानंतर हळूच म्हटलं. तुमच्या बंधूंना भरून आलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की माझ्या थोरल्या बहिणीकडे भात पिकतो, जूनचा तांदूळ तिच्याकडून येईल. तुम्हाला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि आता विचारायचं त्यांना धैर्य नाही. म्हणून कलिंगड खात बसलेत. पाच-सहा पोती जमतील का?

आणखी एक — हे पत्र टपालाने नाही, कुंदनच्या हातून पाठवते आहे. टेम्पो तुमच्या अंगणातच उभा असेल. त्याला आधी जेवायला घाला. बरोबर गंगाबाई आहेत, तांदूळ जुना की नवा ते त्यांना स्वतः बघायचं आहे. त्यांनी तुमच्यासाठी सुकट आणली आहे. आपल्याकडे चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. दोन्ही हातांनी घ्या आणि मग शेजारी द्या. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची त्यांना सवय नाही.