गाळातली किल्ली

मंगळवार, संध्याकाळ

हाताचा गाळाचा वास जात नाहीये. दोनदा साबण लावला.

आज सहावीला उत्खनन करायला लावलं. नुसतं हडप्पा-हडप्पा पाठ करून काय होतं! एका गटाने घरच्या वस्तू टबात मातीखाली पुरायच्या, दुसऱ्याने ब्रशने हळूहळू काढायच्या आणि तिथली माणसं कशी होती ते सांगायचं. सगळ्यांनी बागेतली माती आणली. सानिकाने आणला गाळ, पुराने आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगखाली टाकलेला. ती तळमजल्यावर राहते, मी तिच्या बरोब्बर वर.

वेदांतच्या गटाला त्यात चमचा सापडला, बांगडी सापडली आणि अगदी तळाशी किल्ली. वेदांत गंभीरपणे म्हणाला, "बाई, इथे नदी घरात आली. माणसं परत आलीच नाहीत. आली असती तर किल्ली नेली असती ना."

काय तर्क लावला पोराने! मी टाळ्या वाजवायला लावल्या. का लावल्या?

सानिका उठली. "अरे, आम्ही अजून राहतो तिथे."

कुणी हसलं नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले, टबातल्या वस्तूंकडे बघत होते तसेच, जपून. तिने किल्ली स्कर्टला पुसली. "बाई, ही खरी आहे. आई कामावर असते, दार मलाच उघडायचंय."

आम्ही एकाच रिक्षाने आलो. तिचं दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हाच मी जिना चढले.

रोज आल्या आल्या मी माझ्या घराची किल्ली खिळ्याला लावते. आज लावली नाही. डाव्या मुठीत आहे, हे लिहितानाही.