मॅडमचा स्कॅन

९ जानेवारी

अभ्यासातल्या निरोगी गटाचे मेंदूचे स्कॅन वाचून संपवले. वाचताना नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. नियमच तसा. एका चित्रावर थांबले. कपाळामागे उजेड, मागच्या मधल्या भागात उजेड. उजेड म्हणजे साचलेलं प्रथिन, म्हणजे अल्झायमरची सुरुवात. निरोगी म्हणून आलेला माणूस, त्याला अजून काही जाणवतही नसेल बिचाऱ्याला! मी ‘बाधित’ असं लिहिलं आणि डबा खायला गेले.

दुपारी आकडेबुवांनी — आमचे संख्याशास्त्रज्ञ — क्रमांकांवरची नावं उघडली. उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

मॅडम.

आमच्या विभागप्रमुख. साठीच्या पुढची माणसं कमी पडत होती म्हणून त्या स्वतःच गटात शिरल्या होत्या. माझ्या लक्षातच नव्हतं.

१० जानेवारी

नियम असा की जो विचारेल त्यालाच निकाल सांगायचा. नवरा म्हणाला, “मग विचारेपर्यंत गप्प बस.” याला सगळंच सोपं वाटतं. ज्या बाईने मला हाताला धरून मेंदू वाचायला शिकवला, तिच्यासमोर तोंड लपवून कुठे बसू?

११ जानेवारी

नाहीच जमलं.

“काय गं, कोण गेलं? सुतकी चेहरा करून फिरतेयस.” मॅडमनी माझ्याकडे बघितलं, उठून दार लावलं. “दाखव.”

दाखवलं. दुसऱ्या कुणाचं बघावं तसं बघितलं त्यांनी. पेन्सिलीने पडद्यावर एकेक जागा दाखवत गेल्या. “काय सुरेख केस आहे! शिकवायला ठेव हो.” मग म्हणाल्या, “हा आजार नव्हे अजून. चाहूल आहे. दोन वर्षं मिळतील, दहाही मिळतील. तोवर मी काम करणार.” आणि माझं मनगट घट्ट धरलं. “माझ्याकडून पहिली चूक होईल त्या दिवशी मला सांगायचं. तोंडावर. दुसऱ्या कुणी नाही, तू. वचन दे.”

दिलं. आकडेबुवांनाही गप्प केलं. त्यांना ते पटलेलं नाही.

२ मार्च

मॅडम ठणठणीत. आज सगळ्यांना झापलं, सगळ्यात जास्त मला. किती बरं वाटलं!

१९ मे

मॅडमनी आज एकच किस्सा पाठोपाठ दोनदा सांगितला. दुसऱ्यांदाही सगळे हसले. मीही हसले. वय झालं की होतं असं — हे मी म्हटलं. मी! ज्या वाक्यावर मी भाषणांतून तुटून पडते तेच!

३ सप्टेंबर

निकाल विचारायला येणाऱ्यांना मॅडम स्वतः भेटतात. ते काम त्या कुणाला देत नाहीत. आज जुने निकाल पडताळताना दोन क्रमांकांवर अडले. ४८ आणि ८४. आकडे उलटे झालेत.

४८ म्हणजे शाळेच्या बसचे ड्रायव्हर. चित्र स्वच्छ. त्यांना सांगितलंय, बाधित.

८४ म्हणजे एक निवृत्त ग्रंथपाल बाई. चित्र उजेडाने भरलेलं. त्यांना सांगितलंय, खुशाल घरी जा.

आणि हे एप्रिलमध्येच सांगून झालंय! दोन्ही चित्रं मी परत परत उघडली. माझंच काहीतरी चुकतंय असं निघावं म्हणून. निघालं नाही.

४ सप्टेंबर

वचन पाळलं. दार लावून घेतलं, दोन्ही चित्रं समोर ठेवली. “मॅडम, चूक झालीय.”

“कुणाची?”

“तुमची.”

त्यांनी चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. “तू माझ्या चुका काढणार? तू?”

म्हटलं, तुम्हीच तर वचन घेतलं होतंत माझ्याकडून —

“कसलं वचन?”

नाटक नव्हतं ते. मला त्यांचा चेहरा वाचता येतो. जानेवारीतली ती दुपार त्यांच्याकडे नव्हतीच. “आणि माझा स्कॅन स्वच्छ आहे,” म्हणाल्या. त्यांचं चित्र पडद्यावर आणायला माझा हात गेला. आणलं नाही. एकदा बघितलंय त्यांनी ते. पुन्हा पहिल्यांदा कसं बघायला लावू?

“खुर्ची हवीय तुला. सरळ सांग की!”

५ सप्टेंबर

संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं, स्कॅनसकट. “जानेवारीपासून ठाऊक होतं आणि आज सांगताय?”

८ सप्टेंबर

मॅडमना कामावरून थांबवलं. जाताना सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “अस्तनीतला निखारा!” कुणी मान वर केली नाही. आकडेबुवांनी माझ्यापुढे चहा आणून ठेवला आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकला.

१० सप्टेंबर

ड्रायव्हरच्या घरी गेले. त्यांनी नोकरी कधीच सोडलीय. “बसमध्ये लोकांची लेकरं असतात. रस्ताच विसरलो तर?” तुम्हाला काहीही झालेलं नाही, म्हटलं. चूक आमची.

“पण मी किल्ल्या विसरतो —”

“सगळेच विसरतात.”

हसायला लागले. हसता हसता हमसून रडायला लागले. बायको दारात उभी होती. “एवढे महिने माझ्याशी काय गोड बोलत होता हा माणूस! आता परत पहिले पाढे पंचावन्न.” म्हणाली हसत, पण लगेच माझ्याकडे वळली. “तुम्हाला जेवण कसं जातं हो?”

जात नाही. पण ते त्यांना कशाला सांगू?

११ सप्टेंबर

ग्रंथपाल बाई. कालच्या घरात चांगली बातमी नेली, म्हणजे आज इथे ही न्यायची. सगळी रात्र काय बोलायचं ते ठरवलं होतं, दारातच सगळं सांडलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला वाटत होतंच. वाचलेलं पान परत वाचायला घेते हल्ली. पण तुमच्या मॅडम म्हणाल्या, काही नाही — मग मीच माझी समजूत घातली.” लेकाने ‘आमच्याकडे राहायला ये’ म्हटलं होतं. या निकालाच्या भरवशावर त्याला नको म्हणाल्या होत्या. आता तो परदेशी गेलाय.

मी म्हटलं, शिव्या द्या, काहीतरी बोला. त्या बाई मलाच पाणी द्यायला उठल्या. “एवढे महिने निर्धास्त गेले माझे. ते तेवढे परत मागू नका.”

जिन्यात बसून राहिले.

६ ऑक्टोबर

मला विभागप्रमुख केलं. नको म्हणून बघितलं. दुसरं कोणी नाही, म्हणाले. मॅडमच्या खोलीत मॅडमच्या खुर्चीत बसले. मला ती उंच होते, पाय टेकत नाहीत. आता लोक म्हणतील, बघा, खुर्चीच हवी होती!

मॅडमच्या लेकीला फोन केला. “आई तुमचं नाव काढू देत नाही घरात. येऊ नका, ताई.” बरोबरच आहे. राग शांत होईल कधीतरी. मग जाईन आणि पाय धरीन. माफ करतील. नाहीतर दोन शिव्या देतील, त्याही चालतील.

२१ जानेवारी

मॅडमचा फोन!

“काय गं, मेलीस की काय? किती दिवसांत तोंड दाखवलं नाहीस!” आवाजात रागाचा मागमूस नाही. माफ केलेलं नाही त्यांनी. आठवतच नाहीये.

“माझ्या खोलीत कोण बसतं हल्ली?”

“मी, मॅडम.”

“अगं वा! मीच सुचवलं असणार तुझं नाव.”

“हो,” म्हटलं. “तुम्हीच.”