भरलेली बाटली

कात्रप, बदलापूर
१२ एप्रिल २००४

ति. यशोआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन हॉलमध्ये आणि बाबांचे कान फोनजवळ, म्हणून पत्र. अंबरनाथच्या कंपनीत तीन महिने झाले. कारखान्यात आमच्या मशीन शॉपवर मी एकटीच बाई इंजिनीअर! परवा माप चुकलेले दहा व्हॉल्व्ह पकडले, तर सुपरवायझर म्हणाले, मॅडमची नजर कडक आहे. दिवसभर मी सॉलिड खूश.

आईची मात्र एकच कटकट, बाटली भरलेलीच परत आणतेस म्हणून. कामात पाणी प्यायला वेळ कुणाला आहे? महिन्यात दोनदा ताप आला. डॉक्टर म्हणाले लघवी तपासून घे, मी गेलेच नाही. रजा घेतली की म्हणतील, बाई टिकली नाही. तू लग्नासाठी चांगली नोकरी सोडलीस. मी नाही सोडणार हं, बघशील!

लोभ कर, रागावलीस तरी कर.
तुझी शलाका

नाशिक
१९ एप्रिल २००४

चि. शलाका,
अनेक आशीर्वाद.

आधी तपासणी करून ये, मग पुढे वाच. आलीस? आता ऐक.

तुमच्या शॉपवर बायकांना संडास नाही, म्हणून तू पाणी पीत नाहीस. बरोबर ना? अगं, मीही डिप्लोमा करून अंबरनाथलाच लागले होते. सकाळी सातनंतर पाण्याचा घोट घेत नसे. अकरा महिन्यांत दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं, नऊ दिवस हॉस्पिटलात काढले. साहेबांना कारण सांगायची लाज वाटली, म्हणून राजीनाम्यात लिहिलं की लग्न ठरलंय. लग्न ठरलं दीड वर्षाने! खरं कारण घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्याही नाही. आज पंधरा वर्षांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.

इतकी वर्षं वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडले. कमी होता तो संडास, बाई! तिथे आणखी बायका असतीलच. इंजिनीअरच हव्यात असं नाही. आधी त्यांच्याजवळ जाऊन बस, साहेबाकडे नंतर जा.

पोलिटेक्निकात माझ्या मुलांच्या परीक्षा आहेत, वर्गात उभी असेन, पण जीव तुझ्यापाशी आहे.
तुझी आत्या

कात्रप, बदलापूर
६ जून २००४

ति. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बाथरूमचं दार लावून वाचलं आणि ढसाढसा रडले. इन्फेक्शन निघालं. गोळ्या झाल्या, आता बरी आहे.

पॅकिंगला पाच बायका आहेत. मी शहाणी साहेब लोकांत डबा खायची! त्यांच्यात जाऊन बसले, तेव्हा कळलं की त्या दोघी-दोघी भंगाराच्या शेडमागे जातात, एक राखण करते. त्यांना वाटायचं मॅडमची ऑफिसात सोय असेल, मला वाटायचं त्यांची कुठेतरी असेल. मग मी माझं सगळं सांगून टाकलं. त्यांच्यातल्या कौसाबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःचं चौदा वर्षांचं दुखणं सांगितलं.

सहाजणींनी अर्ज केला, तो घेऊन मी आत गेले. साहेब सह्या न बघताच म्हणाले, एका मुलीसाठी बांधकाम काढायचं का? तेव्हा दाराबाहेरच्या पाचही जणी आत आल्या. मग मी सगळं बोलले. शेवटी साहेब तयार झाले आणि जुन्या स्टोअरच्या खोलीत संडास झाला. ड्रॉइंग मीच काढलं होतं, परवा आतून कडी लागली. पहिला मान कौसाबाईंना दिला.

काल आईने बाटली घासायला घेतली आणि विचारलं, आज रिकामी कशी? मी माझं सांगितलं. तुला न विचारता तुझंही सांगितलं, माफ कर. आई ओट्यापाशी खालीच बसली. आता म्हणते, पत्रात खाली जागा सोड, मला लिहायचंय. म्हणून इथेच थांबते. माया आहे, ती वाढू दे.
तुझी शलाका

यशो, जयभीम.
हॉस्पिटलात डबा मीच आणत होते. तुझ्या लग्नाचा बस्ताही मीच बांधला, दीड वर्षाने. मला कळलं होतं गं. तुला लाज वाटेल म्हणून विचारलं नाही, असं मनाला सांगत राहिले. लाज मलाच वाटत होती. सुट्टी लागली की ये, चार दिवस राहा. मला सगळं पहिल्यापासून सांग.
तुझी वहिनी