आजाऱ्यांच्या भेटीची सेवा

डिचोली, रविवार

प्रिय विमल याकोब रणभिसे,

प्रभूमध्ये सलाम. तुला गडहिंग्लजच्या मातीत ठेवून परतल्यानंतरची ही माझी पहिली उपासना. माझी प्रकृती ठीक आहे. तुझी सेवा आता कोण करणार, एवढीच चिंता होती.

पाळक महिन्यातून एकदाच येतात. इतर रविवारी शाळेच्या खोलीत मंडळीच सारे चालवते. सेवांची यादी मी जुन्या कागदावरून उतरवली आणि सर्वांसमोर वाचली, "गायन, प्रमोद. शास्त्रवाचन, प्रतीक्षा. आजाऱ्यांच्या भेटी, विमल रणभिसे." तुझ्या नावावर रेघ मारायला मी पेन उचलले.

तेव्हा गवंडी संतोषची पत्नी सुविधा उठली. तिला अक्षरओळख नाही, म्हणून मी आजवर तिला केवळ सतरंज्या अंथरण्याचे काम दिले होते.

"गुरुजी, बाईंचं नाव खोडू नका. त्याखाली माझं लिवा. त्यांच्यासंगं लई घरं हिंडलेय मी. आज नार्व्याच्या म्हातारीला पेज न्यायची हाय."

"प्रार्थना येते तुला?"

"बाईंनी शिकवलीया की! आधी पेज पाजायची, मग डोळं मिटायचं. उपाशी माणसाला आमेन सुचत न्हाई."

मंडळी हसली, मीही हसलो आणि तुझ्या नावाखाली तिचे नाव लिहिले.

कृपादानांवर, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेल्या देणग्यांवर, मी वीस वर्षे प्रवचने वाचली. ती कोणाला लाभली आहेत, हे मात्र तू पाहिलेस.

सुविधाबरोबर नार्व्याला मीही गेलो. म्हातारीने दोन वाट्या पेज घेतली. नार्व्याला निघण्यापूर्वी शाळेच्या खोलीला कुलूप लावून किल्ल्या शिपायाकडे परत दिल्या होत्या.

पुनरुत्थानाच्या आशेत तुझाच,
याकोब